मेकफाइल यंत्रावरच लिहिली जावी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञानविषयक पुरवणीत मुक्त सॉफ्टवेअरच्या सुरक्षिततेविषयी आलेला लेख वाचला. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फाइली आकसवणाऱ्या संचात पेरून ठेवलेली चोरवाट कशी उघडकीस आली, ती हकीकत लेखकाने चांगली सांगितली आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. सॉफ्टवेअर बसवणाऱ्याच्या यंत्रावर बिल्ड फाइल, म्हणजे ते कसे बांधायचे हे सांगणारी फाइल, नव्याने तयार करण्याची पद्धतच जुनाट आणि धोक्याची आहे, ती फाइल मूळ लेखकाने एकदाच तयार करून सॉफ्टवेअरबरोबर पाठवून द्यावी, असे त्यांचे म्हणणे आहे. आणि जुनाटपणाचा नमुना म्हणून त्यांनी पर्ल या प्रोग्रामिंग भाषेच्या मॉड्यूलांकडे, म्हणजे तिला जोडता येणाऱ्या तयार भागांकडे, बोट दाखवले आहे. युनिक्स आणि लिनक्स यंत्रांची देखभाल हे माझे पोटापाण्याचे काम असल्यामुळे पर्लची मॉड्यूल बसवणे माझ्या नित्याच्या अनुभवातले आहे, आणि माझे मत नेमके उलट आहे. बिल्ड फाइल ज्या यंत्रावर वापरायची त्याच यंत्रावर ती लिहिली गेली पाहिजे. धोका आहे तो निराळ्या ठिकाणी आहे, आणि त्याकडे लेखाचे लक्ष गेलेले नाही.

ज्या वाचकांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाचा प्रोग्राम लिहिला. कोणती फाइल कोणत्या फाइलीपासून बनते आणि ती बनवण्यासाठी कोणती आज्ञा द्यायची, हे ‘मेकफाइल’ नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवले, की मेक त्या फाइलींच्या वेळा तपासतो आणि जेवढे शिळे झाले असेल तेवढेच पुन्हा बनवतो. फेल्डमन यांना या कामासाठी एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा २००३ चा सॉफ्टवेअर सिस्टीम पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता; मेकफाइलीत आज्ञेच्या ओळीआधी टॅबच हवा, मोकळ्या जागा चालत नाहीत, या नियमाने पुढच्या पिढ्यांना दिलेला मनस्ताप पुरस्कार समितीने उदारपणे नजरेआड केला असावा. मेकची खरी मर्यादा मात्र टॅबची नाही. मेकफाइलीत जे लिहायचे ते यंत्रागणिक बदलते. कम्पायलर (लिहिलेल्या मजकुराचा चालणारा प्रोग्राम बनवणारा) कोणता आहे, त्याला कोणते झेंडे, म्हणजे पर्याय, द्यायचे, सामायिक लायब्ररी जोडण्याची आज्ञा काय, तयार झालेली फाइल कोणत्या डिरेक्टरीत ठेवायची, हे सोलारिस या युनिक्स प्रणालीवर एक, फ्रीबीएसडीवर दुसरे, मॅकवर तिसरे आणि लिनक्सच्या दोन वितरणांतसुद्धा वेगवेगळे असू शकते. सॉफ्टवेअरच्या लेखकाने स्वतःच्या यंत्रावर लिहिलेली मेकफाइल ही त्या यंत्राची कैफियत असते. दुसऱ्याच्या यंत्राबद्दल तिला काहीच ठाऊक नसते.

पर्लच्या बाबतीत ही अडचण अधिकच टोकदार होती. लॅरी वॉल यांनी पर्लची पहिली आवृत्ती डिसेंबर १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. चौथ्या आवृत्तीपर्यंत पर्लला सी भाषेतली एखादी बाहेरची लायब्ररी जोडायची तर पर्लचा सगळा प्रोग्रामच नव्याने लिंक करावा लागे, आणि म्हणून ओरॅकलच्या डेटाबेसशी बोलणारे ‘ओरापर्ल’, सायबेसशी बोलणारे ‘सायबपर्ल’ असे निरनिराळे पर्ल एकाच यंत्रावर नांदत. दोन्ही डेटाबेस एकाच प्रोग्राममध्ये हवे असतील तर आणखी एक तिसरे पर्ल जन्माला घालावे लागे. ऑक्टोबर १९९४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीने हे चित्र बदलले. पर्ल चालू असताना हवी ती जोडफाइल, म्हणजे कम्पाइल केलेली लायब्ररी, मेमरीत ओढून घेण्याची सोय तिच्यात आली, त्यामुळे मॉड्यूल स्वतंत्रपणे लिहिणे, वाटणे आणि बसवणे शक्य झाले. परंतु अशी जोडफाइल चालण्यासाठी एक अट असते. ज्या कम्पायलरने, ज्या झेंड्यांनी आणि पूर्णांकांच्या ज्या मापांनी मूळ पर्ल बांधले गेले, त्यांच्याशी मॉड्यूलची बांधणी जुळली पाहिजे. थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये समांतर कामे चालवण्याची सोय) असलेल्या पर्लसाठी बांधलेले मॉड्यूल थ्रेड नसलेल्या पर्लमध्ये ओढून पाहिले तर ते चालत नाही, आणि कधीकधी तर पर्लसकट कोसळते.

या अटीला दिलेले उत्तर म्हणजे ‘एक्स्टयूटिल्स::मेकमेकर’ हे मॉड्यूल. अँडी डोहर्टी, आंद्रेयास क्योनिग, टिम बन्स, चार्ल्स बेली आणि इल्या झाखारेविच ही त्याच्या मूळ लेखकांची नावे. पुढे अनेक वर्षे मायकेल श्वर्न यांनी ते सांभाळले. पाचव्या आवृत्तीपासून ते पर्लच्या गाभ्याबरोबरच येते, आणि या विषयातली कळीची गोष्ट हीच आहे. मॉड्यूलचा लेखक मेकफाइल पाठवत नाही. तो ‘मेकफाइल.पीएल’ नावाचा एक छोटा पर्ल प्रोग्राम पाठवतो, ज्यात मॉड्यूलचे नाव, आवृत्ती कोणत्या फाइलीतून वाचायची, आणखी कोणती मॉड्यूल लागतात, एवढेच सांगितलेले असते. यंत्राची माहिती त्या यंत्रावर आधीपासून असलेल्या पर्लकडे असते. पर्ल बांधताना ‘कॉन्फिगर’ या लांबलचक स्क्रिप्टने यंत्राची जी उलटतपासणी घेतली, तिची सगळी उत्तरे ‘कॉन्फिग’ नावाच्या मॉड्यूलमध्ये कायमची नोंदवलेली असतात. मेकमेकर लेखकाचे चार शब्द आणि यंत्राची ती नोंद एकत्र करतो आणि सात-आठ ओळींच्या प्रोग्राममधून शेकडो ओळींची मेकफाइल लिहून काढतो. शिवलेले कपडे टपालाने पाठवण्याऐवजी ग्राहकाचे माप ठाऊक असलेल्या शिंप्याकडे फक्त कापड आणि नमुना पोहोचवावा, तसा हा प्रकार आहे.

मेकफाइल लिहिण्याचे प्रत्यक्ष कामही विचारपूर्वक वाटलेले आहे. मेकफाइल अनेक विभागांची असते, आणि प्रत्येक विभागाचा मजकूर देणारी त्याच नावाची एक मेथड असते: स्थिरांकांची एक, सी फाइल कम्पाइल करण्याची एक, जोडफाइल बनवण्याची एक, चाचण्यांची एक, बसवण्याची एक. या मेथडींचे मूळ घर ‘एमएम_युनिक्स’ हे आहे. विंडोज, व्हीएमएस आदी प्रणालींसाठी वेगळे वर्ग आहेत, पण ते युनिक्सचा वर्ग वारशाने घेतात आणि जिथे त्यांची वाट वेगळी होते तेवढ्याच मेथडी बदलतात. व्हीएमएसवर तर तयार होणाऱ्या फाइलीचे नावसुद्धा मेकफाइल नसते. अलीकडच्या आवृत्त्यांत काम सुरू होताना ‘युनिक्स-धाटणीची मेकफाइल तयार करीत आहे’ अशा अर्थाची ओळ पडद्यावर उमटते, ती याच निवडीची खूण असते. लेखकाला एखादा विभाग स्वतःच्या पद्धतीने हवा असेल तर तोही ‘माय’ नावाच्या पॅकेजमध्ये त्या नावाची मेथड लिहून आपले म्हणणे घुसवू शकतो.

आता मॉड्यूल बसवण्याच्या त्या प्रसिद्ध चार आज्ञा. पहिली ‘पर्ल मेकफाइल.पीएल’, दुसरी ‘मेक’, तिसरी ‘मेक टेस्ट’ आणि चौथी ‘मेक इन्स्टॉल’. यांतल्या पहिलीविषयी बहुतेकांना एवढेच ठाऊक असते की ती द्यावी लागते. प्रत्यक्षात ती आधी ‘मॅनिफेस्ट’ या यादीशी ताडून संचातल्या सगळ्या फाइली पोहोचल्या आहेत का ते पाहते, लागणारी मॉड्यूल यंत्रावर आहेत का आणि पुरेशा नव्या आवृत्तीची आहेत का हे तपासते, आणि मग मेकफाइल लिहिते. दुसरी आज्ञा पर्लच्या फाइली ‘ब्लिब’ नावाच्या तात्पुरत्या डिरेक्टरीत मांडते, सी आणि पर्लच्या सांध्यावर लिहिलेला एक्सएस मजकूर असेल तर त्याचे सी भाषेत रूपांतर करून तो कम्पाइल करते, आणि मॉड्यूलच्या दस्तऐवजांतून मॅन पाने, म्हणजे युनिक्सची मदतपाने, बनवते. तिसरी आज्ञा बसवलेल्या जुन्या प्रतीला हात न लावता ब्लिबमधल्या नव्या प्रतीवर चाचण्या चालवते. यंत्रावरची चालू व्यवस्था मोडण्याचा प्रश्न चौथ्या आज्ञेपर्यंत येतच नाही, आणि ही रचना १९९० च्या दशकातली आहे हे ध्यानात घेतले तर ‘जुनाट’ हा शब्द जरा जपून वापरावासा वाटतो. मध्येच कोणी मेकफाइल.पीएल बदलली तर जुनी मेकफाइल ते ओळखते, स्वतःला नव्याने लिहवून घेते आणि ‘मेक पुन्हा चालवा’ असे सांगून थांबते. नवशिक्यांना हे थांबणे बिघाडासारखे वाटते.

एका खऱ्या मॉड्यूलचे उदाहरण घेतल्यास मुद्दा स्पष्ट होईल. ‘एक्सएमएल::पार्सर’ हे एक्सएमएल मजकूर वाचणारे जुने आणि आजही ठिकठिकाणी लागणारे मॉड्यूल जेम्स क्लार्क यांच्या ‘एक्सपॅट’ या सी लायब्ररीवर उभे आहे. त्याच्या पोटातल्या एक्सपॅट नावाच्या उप-डिरेक्टरीला स्वतःची वेगळी मेकफाइल.पीएल आहे, त्यामुळे एका आज्ञेत दोन मेकफाइली लिहिल्या जातात. एक्सपॅट यंत्रावर आहे की नाही, असल्यास कुठे, हे लेखकाला आधी कळण्याचा कोणताही मार्ग नाही. म्हणून मेकफाइल.पीएल स्वतः शोध घेते, आणि लायब्ररी नेहमीच्या जागांवर सापडली नाही तर आधी एक्सपॅट बसवा असे स्पष्ट सांगून मेकफाइल न लिहिताच थांबते. मग डेबियनवर ‘लिबएक्सपॅट१-डेव्ह’ किंवा फेडोरावर ‘एक्सपॅट-डेव्हल’ बसवायचे, अथवा लायब्ररी आडबाजूला असेल तर तिचा पत्ता पहिल्या आज्ञेबरोबर द्यायचा, एवढाच उपाय असतो. आगाऊ लिहून पाठवलेल्या मेकफाइलीत हा शोध आणि हा संवाद कोणत्या ओळीत बसवणार?

असा शोध घेण्याची तसदी सगळेच लेखक घेत नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. नुसते ‘अमुक लायब्ररी जोडा’ एवढेच सांगितले असेल आणि ती सापडली नाही, तर मेकमेकर स्वतःहून थांबत नाही. तो ‘टीप (बहुधा निरुपद्रवी): लायब्ररी सापडली नाही’ अशा अर्थाचा संदेश देऊन पुढे जातो. हा ‘बहुधा’ फार आशावादी आहे. मेकफाइल लिहिली जाते, कम्पायलरही कधीकधी कुरकुर करत नाही, आणि चाचण्यांच्या वेळी जोडफाइल मेमरीत ओढताना चिन्ह सापडत नाही म्हणून सगळे आपटते. पडद्यावर तोवर शंभरेक ओळी वर सरकून गेलेल्या असतात आणि माणूस शेवटच्या ओळीचा अर्थ लावत बसतो. माझ्याकडे मदतीसाठी येणाऱ्या तक्रारींत हा प्रकार इतका ठरलेला आहे, की मी आधी पहिल्या आज्ञेचे संपूर्ण उत्तरच मागवतो.

दुसरी उणीव अधिक मूलगामी आहे. मेकमेकर यंत्राला विचारत नाही, यंत्रावरच्या पर्लला विचारतो, आणि पर्लची नोंद जुनी झालेली असू शकते. सोलारिसबरोबर येणारे पर्ल सनच्या स्वतःच्या कम्पायलरने बांधलेले असे, तर वापरणाऱ्याकडे बहुधा फुकट मिळणारा जीसीसी हा कम्पायलरच असे; परिणामी मेकफाइलीत सनच्या कम्पायलरचे झेंडे येत आणि जीसीसी ते ओळखत नसल्याने बांधणी पहिल्याच फाइलीवर अडे. शेवटी सोलारिसने ‘पर्लजीसीसी’ नावाची वेगळी आज्ञाच देऊ केली, जी जीसीसीला मानवतील असे झेंडे पुरवते. मॅकवर २०१८ च्या मोहावे आवृत्तीत अ‍ॅपलने पर्लच्या हेडर फाइली नेहमीच्या जागेवरून काढून विकसक-संचाच्या पोटात ठेवल्या, तेव्हाही ‘हेडर सापडत नाही’ ही ओरड जगभर झाली. अशा वेळी दोष मेकफाइल लिहिणाऱ्याला देण्याची सवय आहे, पण लिहिणाऱ्याने जे वाचले तेच लिहिले. सोपा उपाय असा, की प्रणालीच्या पर्लला हात न लावता आपल्या कामापुरते वेगळे पर्ल त्याच यंत्रावरच्या कम्पायलरने बांधून घ्यावे. मग नोंद आणि वस्तुस्थिती यांत अंतर राहत नाही.

पुरवणीतल्या लेखाने सुचवलेल्या वाटेपेक्षा निराळी वाट पर्लच्याच मंडळींनी चोखाळून पाहिली आहे, तिचाही विचार व्हायला हवा. केन विल्यम्स यांनी २००१ च्या सुमारास ‘मॉड्यूल::बिल्ड’ आणले. त्यांचा आक्षेप रास्त होता. मेकमेकरला काही जास्तीचे सांगायचे तर पर्लमधून शेलच्या आज्ञा असलेला मेकफाइलीचा मजकूर जुळवावा लागतो, म्हणजे एका भाषेच्या अवतरणात दुसरी आणि तिच्या अवतरणात तिसरी अशी गत होते. शिवाय विंडोजवर मेक असेलच याची खात्री नाही. म्हणून मेक पूर्णपणे वगळून सगळे काम पर्लमध्येच करायचे, असा तो बेत होता. डिसेंबर २००७ च्या ५.१० आवृत्तीत मॉड्यूल::बिल्ड पर्लच्या गाभ्यात आले आणि २०१५ च्या ५.२२ आवृत्तीत गाभ्यातून बाहेरही गेले. त्याची रचना अधिक स्वच्छ होती, पण ते आधी बसलेले नसेल तर ते लागणारे मॉड्यूल बसवताच येत नसे, आणि मेकमेकर मात्र गाभ्याबरोबर सर्वत्र हजर होता. पायथॉनच्या जगात याच सुमाराची ‘डिस्टयूटिल्स’ ही व्यवस्था २०२३ च्या ३.१२ आवृत्तीत गाभ्यातून काढून टाकली गेली, आणि जुनी पॅकेजे बांधणाऱ्यांची तारांबळ उडाली. पर्लमध्ये पंचवीस वर्षांपूर्वीचा एखादा संच आज सीपॅन या पर्ल मॉड्यूलांच्या सार्वजनिक संग्रहावरून उतरवून त्याच चार आज्ञा दिल्या तर तो पुष्कळदा अजूनही बांधला जातो. दोन लाखांहून अधिक मॉड्यूल असलेल्या संग्रहात ही सोय किरकोळ मानता येणार नाही.

सर्वत्र मेकमेकरच हवा असेही माझे म्हणणे नाही. प्रोग्रामच्या बदलांचा हिशेब ठेवणाऱ्या ‘गिट’च्या सोबत येणारी पर्लची मॉड्यूल निव्वळ पर्लमध्ये लिहिलेली आहेत, त्यांत कम्पाइल करण्यासारखे काही नाही. गिटच्या विकसकांनी २०१८ च्या २.१७ आवृत्तीत त्यांची मेकफाइल.पीएल काढून टाकली आणि फाइली जागच्या जागी ठेवणारे साधे मेकचे नियम लिहिले. जिथे यंत्राला विचारण्यासारखे काही नाही तिथे विचारणारा ठेवण्यात अर्थ नाही. हा निर्णय मला समंजस वाटतो.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे सुरक्षिततेकडे. एक्सझेडच्या प्रकरणात नेमके काय घडले ते पाहिल्यास पुरवणीतल्या लेखाचा निष्कर्ष उलटाच ठरतो. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या गठ्ठ्यांत, म्हणजे उतरवून घेण्यासाठी बांधलेल्या फाइलींच्या संचांत, जी चोरवाट होती, तिची किल्ली बिल्डच्या एका मॅक्रो फाइलीत दडवलेली होती, आणि ती ओळ सार्वजनिक गिट संग्रहात नव्हती. ती फक्त प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात होती. त्या गठ्ठ्यांत प्रकाशकाच्या यंत्रावर आधीच तयार करून ठेवलेली भलीमोठी कॉन्फिगर स्क्रिप्ट असते, जी कोणी वाचत नाही आणि जी मूळ संग्रहाशी ताडून पाहण्याची रीतही नव्हती. अँड्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला (दूरच्या यंत्रात शिरण्याला) थोडा अधिक वेळ का लागतो असा प्रश्न पडला म्हणून २९ मार्च २०२४ रोजी ही गोष्ट जगाला कळली. म्हणजे प्रकाशकाने आधी तयार करून पाठवलेला, कोणी न वाचणारा बिल्डचा मजकूर हीच लपण्याची जागा ठरली, आणि पुरवणीतला लेख नेमकी तीच पद्धत सर्वांनी स्वीकारावी म्हणतो. मेकफाइल.पीएल बहुधा एका पडद्यात मावते. तिच्यातून निघणारी लांबलचक मेकफाइल आपल्याच यंत्रावर, आपल्याच पर्लबरोबर आलेल्या मेकमेकरने लिहिलेली असते. गठ्ठ्यात ती येतच नाही.

याचा अर्थ पर्लची पद्धत निर्धोक आहे असा मुळीच नाही. मेकफाइल.पीएल हा प्रोग्राम आहे, आणि प्रोग्राम काहीही करू शकतो. ही लवचीकता हवीच असते, कारण अमुक प्रणालीवर अमुक मॉड्यूल लागते आणि तमुकवर लागत नाही, हे नुसत्या यादीत सांगता येत नाही. परंतु त्यामुळे पहिली आज्ञा देणे म्हणजे अनोळखी लेखकाचा प्रोग्राम आपल्या अधिकारांनिशी चालवणे होय. इतकेच काय, मॉड्यूलची आवृत्ती वाचण्यासाठीसुद्धा मेकमेकर त्या फाइलीतली आवृत्तीची ओळ उचलून चालवून पाहतो. चालू डिरेक्टरीतून मॉड्यूल आपोआप उचलण्याची पर्लची जुनी सवयही अशीच धोक्याची होती. २०१६ मध्ये तिच्यातली त्रुटी जाहीर झाली आणि २०१७ च्या ५.२६ आवृत्तीत ती सवय मोडली गेली. त्यात ‘मॉड्यूल::इन्स्टॉल’ वापरणाऱ्या, म्हणजे बिल्डची साधने स्वतःच्याच पोटात बाळगणाऱ्या कितीतरी जुन्या मेकफाइल.पीएल एका रात्रीत निकामी झाल्या. दुखले खरे, पण ते करणे आवश्यकच होते.

धोक्याची खरी जागा मला वाटते ती अशी. चारपैकी पहिल्या तीन आज्ञांना रूटचे, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी प्रशासकाचे, अधिकार कधीच लागत नाहीत. चौथीला लागतात तेही प्रणालीच्या डिरेक्टरीत लिहायचे असेल तरच. असे असताना आपल्याकडच्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत, वर्गटिपणांत आणि कितीतरी कार्यालयांच्या अंतर्गत सूचनापत्रांत ‘सुडो’ (रूटच्या अधिकाराने चालवणारी आज्ञा) लावून मॉड्यूल उतरवून बसवणारा सीपॅनचा क्लायंटच रूट म्हणून चालवायला शिकवले जाते, म्हणजे अनोळखी मेकफाइल.पीएल, अनोळखी चाचण्या आणि त्यांनी ओढून आणलेल्या आणखी दहा-वीस मॉड्यूलांचे असेच प्रोग्राम, सगळे रूटच्या अधिकारात चालतात. हे अनावश्यक आहे, आणि टाळण्याची सोय वर्षानुवर्षे उपलब्ध आहे. सीपॅनच्या क्लायंटमध्ये फक्त बसवण्याच्या पायरीसाठी वेगळी आज्ञा नेमून देता येते, आणि ‘सीपॅनमायनस’ या दुसऱ्या क्लायंटला सुडोचा पर्याय दिला तर तोही फक्त शेवटच्या पायरीलाच सुडो लावतो. त्याहून चांगले म्हणजे ‘इन्स्टॉल_बेस’ या पर्यायाने स्वतःच्या घरच्या डिरेक्टरीतच मॉड्यूल बसवावीत. जुना ‘प्रीफिक्स’ हा पर्याय पर्लच्या मूळ मांडणीची नक्कल करत असल्याने फाइली नेमक्या कुठे पडतील ते यंत्रागणिक बदलते, तर इन्स्टॉल_बेस दिल्यास त्या नेहमी दिलेल्या जागेखालच्या ‘लिब/पर्ल५’ मध्येच जातात. मग तो पत्ता मॉड्यूल कुठे शोधायची ते पर्लला सांगणाऱ्या ‘पर्ल५लिब’ या चलात घातला की झाले. ‘लोकल::लिब’ हे मॉड्यूल ही सारी मांडणी आपोआप करून देते.

आपल्या राज्यात हा प्रश्न काल्पनिक नाही. पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्राने घडवलेल्या ‘परम’ मालिकेतल्या यंत्रांसारख्या सामायिक महासंगणकांवर संशोधकाला रूटचे अधिकार मिळत नाहीत, आणि मिळू नयेत. जैवमाहितीशास्त्रातली पुष्कळ जुनी साधने पर्लमध्ये आहेत, त्यांना लागणारी मॉड्यूल घरच्या डिरेक्टरीत बसवणे हाच तिथला राजमार्ग आहे. महाविद्यालयातून सुडोची सवय लावून घेऊन आलेला विद्यार्थी तिथे पहिल्याच दिवशी अडतो आणि प्रशासकाला पत्र लिहितो. रेड हॅट आणि फेडोरा घराण्यातल्या वितरणांवर आणखी एक खाचखळगा आहे: तिथे मेकमेकर पर्लच्या मूळ पॅकेजातून वेगळा काढलेला असल्याने ‘पर्ल-एक्स्टयूटिल्स-मेकमेकर’ आणि एक्सएससाठी ‘पर्ल-डेव्हल’ ही पॅकेजे प्रशासकाने आधी बसवलेली असावी लागतात. ती नसतील तर पहिली आज्ञा पहिल्याच ओळीवर बंद पडते, आणि तिथे घरची डिरेक्टरीही विशेष कामाला येत नाही. वितरणांचे पॅकेज बनवणारे स्वयंसेवक स्वतः हीच मेकफाइल वापरतात, पण ‘डेस्टडिर’ देऊन सगळ्या फाइली आधी वेगळ्या झाडात मांडून घेतात आणि मगच त्यांचे पॅकेज करतात. म्हणून हवे असलेले मॉड्यूल वितरणाकडे तयार असेल तर तेच घ्यावे, हा माझा पहिला सल्ला असतो.

आपल्या पुरवणीत या विषयावर पुन्हा काही छापणार असाल, तर विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना उपयोगी पडेल असे दोन-तीन गोष्टींचे मार्गदर्शन त्यात यावे, अशी विनंती आहे. गठ्ठा उतरवल्यावर मेकफाइल.पीएल उघडून वाचावी. ती जाळ्यावरून काही उतरवत असेल किंवा शेलच्या आज्ञा देत असेल तर का, ते समजून घ्यावे. बिल्ड आणि चाचण्या साध्या वापरकर्त्याच्या नावाने कराव्यात. आणि प्रयोगशाळेच्या यंत्रांवर सुडोचे अधिकार वाटण्याऐवजी मेक, कम्पायलर, मेकमेकर आणि लोकल::लिब एवढे प्रशासकाने एकदा बसवून द्यावे. उरलेले विद्यार्थी आपापल्या डिरेक्टरीत करू शकतात.

कळावे,

आपला,
एक युनिक्स प्रशासक
पुणे